मूठ, दोन नग

निकाल आधीच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. मामाजींच्या रिव्हॉल्वरला मी नवी लाकडी मूठ करून दिली आणि ती मूठ अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात फक्त एका हातात बसते. तो हात मामाजींचा नाही!

झालं सांगून. आता असं समजा की यातलं काहीच घडलेलं नाही. मी लिहिलं नाही, तुम्ही वाचलं नाही, आणि मामीनं विचारलंच तर तुमची-माझी ओळखही नाही.

तर मी ओमेश. गोरेगावात तहसील कार्यालयासमोर माझं ऑनलाईन सेवा केंद्र आहे. केंद्र म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ अशी एक पाटी, जी आजवर कधी खोटी ठरलेली नाही. दिवसभरात हे वाक्य मी इतक्या वेळा म्हणतो की झोपेतही माझ्या तोंडून तेच निघतं, असं आई सांगते. बाकी वेळ मी अर्ज लिहितो. तालुक्यात कोणाला काहीही हवं असलं की तो माझ्याकडे येतो आणि मी त्याला ‘प्रति, मा.’ पासून ‘ही नम्र विनंती’ पर्यंत सुखरूप नेऊन सोडतो. लोकांसाठी मी बोअरवेल मागितली आहे, ट्रान्सफॉर्मर मागितला आहे, एकदा तर चोरीला गेलेली म्हैस मागितली आहे. स्वतःसाठी काय मागायचं ते मला ठाऊक होतं. फक्त ते कुठल्या नमुन्यात मागतात, हे कळत नव्हतं.

मामाजी म्हणजे ईश्वरदास मामाजी, आईचे थोरले भाऊ. घरची भरपूर धानशेती, शिवाय गोंदियात धानाचा व्यापार. आपले पूर्वज माळव्यातून तलवारी घेऊन आले, हे ते ओळख झाल्याबरोबर सांगतात. त्या तलवारी पुढे कुठे गेल्या ते कोणाला माहीत नाही. बहुतेक त्यांचे विळे झाले. ती उणीव भरून काढायला मामाजींनी रीतसर परवाना काढून एक रिव्हॉल्वर घेतलं. छोटंसं! आणि मामाजी सहा फुटांचे, हात म्हणजे सूप! त्यांनी रिव्हॉल्वर धरलं की रिव्हॉल्वर दिसतच नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मामाजी कोणाला तरी रस्ता दाखवत आहेत.

गोंदियाजवळ एक नेमबाजीचं मैदान आहे, तिथे परवानावाल्यांना कधीमधी सराव करू देतात. उन्हाळ्यात मामाजी मला घेऊन गेले. सोबत लखनलाल इवाई. हे मामाजींचे व्याही, मुलीचे सासरे, म्हणजे ज्यांच्यासमोर माणसानं चहासुद्धा जपून प्यावा असे गृहस्थ! त्यांच्याकडे दुनळी बंदूक.

मामाजींनी गोळी झाडली. मूठ लहान, त्यामुळे धक्क्यासरशी घोड्याभोवतीची लोखंडी कडी त्यांच्या मधल्या बोटावर आदळली. दुसरी झाडली, पुन्हा तिथेच. सगळ्या गोळ्या संपेपर्यंत बोटाचं वांगं झालं! टार्गेटला मात्र ओरखडा नाही. पुढच्या वेळी हेच वापरता येईल, असं मैदानवाल्यानं आनंदानं सांगितलं.

लखनलाल इवाई चष्मा पुसत म्हणाले, “इवाई, तुमी गोळी टार्गेटले मारून राहिले का बोटाले?”

मामाजी तडक परतले. घरी बोट थंड पाण्याच्या पेल्यात बुडवून बसले. सुमित्राबाई मामी त्यांना जेवू घालत होती.

“आ करा,” मामी म्हणाली. “दुश्मनावर गोळी झाडाले गेले, अन् वरणभात मी भरवून राहिली!”

“मूठ लहान हाय वो तिची.”

“मंग मोठी बसवा.”

आणि इथे मी तोंड उघडलं. “मामाजी, तुम्ही निश्चिंत राहा! तुमच्या हाताच्या मापाची अशी मूठ करून देतो की इवाई दुनळी विकून टाकतील!”

मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मामाजींचं भलं करावं, हा एवढाच हेतू नव्हता. त्या रिव्हॉल्वरचं आणि माझं एक वेगळं नातं होतं. ते सांगायला पाहिजे.

निवडणूक आली की आचारसंहिता लागते, आणि आचारसंहिता लागली की आमच्याकडची परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. निकालानंतर परत. त्यामुळे मामाजींचं रिव्हॉल्वर म्हणजे नवी नवरी! जरा सासरी रुळली की निघाली माहेरी. मामाजींना चष्म्याशिवाय सही करायची जागा दिसत नाही आणि चष्मा लावला तर माणूस म्हातारा दिसतो, म्हणून सोबत मी.

लोकसभेच्या वेळी शस्त्रं जमा करून घ्यायला टेबलामागे हर्षिता मॅडम बसल्या होत्या. पोलीस शिपाई. आमगावकडच्या. त्यांनी रिव्हॉल्वर उघडून रिकामं आहे ना ते पाहिलं, नंबर ताडून पाहिला, आणि मान वर न करता मला म्हणाल्या, “बाजूला सरका. उजेड अडून राहिला.”

मी बाजूला सरकलो. पण माझ्यातलं काहीतरी तिथेच उभं राहिलं. ते अजून सरकलेलं नाही.

विधानसभेला त्या म्हणाल्या, “पुन्हा तुम्हीच?”

पुन्हा! मंडळी, ‘पुन्हा’ म्हणजे आधीचं लक्षात आहे! त्या एका शब्दावर मी हिवाळा काढला. निवडणुकीचा निकाल लागायच्या आधीचं जे वातावरण असतं ना, ढोल तयार, गुलाल तयार, फक्त जाहीर व्हायचं बाकी, तसं माझं आत सुरू होतं. अडचण एकच होती. ठाण्यात कारण नसताना जाणारा माणूस एक तर पुढारी असतो, नाहीतर वेडा. मी दोन्ही नव्हतो. मला निवडणूक पाहिजे होती. आणि आता फक्त नगरपंचायती-जिल्हा परिषदांच्या निवडणुका बाकी होत्या. त्या झाल्या की पुढची कित्येक वर्षं सामसूम! जे काही बोलायचं, ते त्या एका आचारसंहितेत बोलायचं होतं.

असो. मूठ.

आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडाचे नंदीबैल सजवून मिरवतात. त्या नंदींचा तालुक्यातला शेवटचा शब्द म्हणजे शालीकराम बढई. मी त्याच्याकडे गेलो तर अंगणात बैलच बैल, आणि मधे हा.

“बंदुकीची मूठ?” शालीकराम म्हणाला. “बनवू ना. पण हाताचं माप लागते. मातीचा गोळा घे, ज्याचा हात हाय त्याले आवळून धरायला सांग, अन् आणून दे. जुनी मूठबी आण, भोकं जुळवा लागतीन.”

मी जुन्या काळ्या प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू काढला. मूठ काढलेलं रिव्हॉल्वर पिसं काढलेल्या कोंबडीसारखं दिसतं. मामाजींनी ते लगेच कपाटात ठेवून कुलूप लावलं, लाजेखातर. मग मी मळलेल्या मातीचा गोळा त्यांच्या हातात दिला, त्यांनी आवळला, मी तो जुन्या मुठीसोबत अलगद टिफिनमध्ये ठेवला आणि मोटरसायकलवर निघालो.

बाजाराचा दिवस होता. चौकात पोलिसांची गाडी तपासणी चाललेली. आणि बंदोबस्ताला कोण? निवडणूक नसताना, आचारसंहिता नसताना, भर उन्हात, प्रत्यक्ष हर्षिता मॅडम!

मी स्वतःहून थांबलो. त्यांनी हातही केला नव्हता.

“हेल्मेट?” मॅडमनी विचारलं.

“घरी आहे.”

“डोकं इथं अन् हेल्मेट घरी? डब्यात काय हाय?”

इथे कोणताही शहाणा माणूस ‘भाजी’ म्हणाला असता. “रिव्हॉल्वरची मूठ आहे, मॅडम,” मी म्हणालो.

आजूबाजूचे दोन भाजीवाले मागे सरकले.

“रिव्हॉल्वर कुठं हाय?”

“मामाजींकडे.”

“मूठ तुमच्याकडं, रिव्हॉल्वर मामाजींकडं. अन् गोळ्या?”

“मामीकडे. पोह्यांच्या डब्यात. मामाजींना राग आला तर सापडायला वेळ लागावा म्हणून.”

मॅडमनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या बघण्यात संशय होता, पण बघणं तर होतं! मग त्यांनी टिफिन उघडला, जुनी मूठ उलटीपालटी केली, मातीचा गोळा उचलला आणि आत काही दडवलंय का ते बघायला तो मुठीत घट्ट दाबला.

“हातात बसते बरं,” त्या म्हणाल्या. गोळा डब्यात परत ठेवला. रुमालानं हात पुसला. “जा. उद्यापासून हेल्मेट.”

पुढच्या वळणावर, धानाच्या बांधीपाशी मी गाडी थांबवून डबा उघडला. मामाजींचा हात पुसला गेला होता. त्याच्या जागी दुसरीच बोटं उमटली होती. बारीक, सरळ, करंगळी जरा वाकडी. तर्जनी बाकीच्यांपासून थोडी वेगळी, घोड्यावर ठेवायच्या सवयीनं. अनामिकेच्या ठशात अंगठीची खूण नव्हती. मी पोलीस नाही, पण पुरावा मलाही ओळखता येतो!

शहाणपण हे, की गोळा पुन्हा मळायचा, मामाजींकडे जायचं आणि पुन्हा माप घ्यायचं. माती मळायला कितीसा वेळ लागतो? मी अंगठा टेकवलासुद्धा. मग उचलला. बांधीतला बगळा माझ्याकडे बघत होता. त्यालाही ते पटलं नसतं.

गोळा मी ओल्या फडक्यात गुंडाळून घरी पाण्याच्या माठाशेजारी ठेवला, वाळून भेगा पडू नयेत म्हणून. दुसऱ्या मातीचा नवा गोळा घेऊन मामाजींकडे गेलो.

“पुन्हा काऊन?” मामाजींनी विचारलं.

“पहिला वाळला.”

या वेळी मामाजींनी पूर्वजांना स्मरून गोळा आवळला. माती बोटांमधून चारी बाजूंना निसटली आणि गोळ्याची भाकर झाली! पण माप ते माप. मी भाकर आणून फळीवर ठेवली आणि दुकानात निघून गेलो.

आई, म्हणजे रामबाई, मी घरी असलो की रोज विचारायची, “हे माठाजवळ कायले भिजत घातलं बे?”

“मूठ आहे.”

“कोणाची?”

“मामाजींची.”

एवढंच खोटं बोललो. पण ते मोजकं आणि नेमकं निघालं. एका सकाळी मी दुकानात असताना शालीकराम बाजारातून जाता जाता घरी आला आणि त्यानं गोळा मागितला. आईनं फळीकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं, आणि सुबक तो गोळा जुन्या मुठीसकट त्याला देऊन टाकला.

“फळीवर तर नुसती भाकर होती,” आई संध्याकाळी म्हणाली. “ते मी गाईच्या दावणीजवळ फेकून देल्लं.”

मी हेल्मेट न घालता पळालो. गाडी विसरलो, पायीच! शालीकरामच्या अंगणात पोचलो तर तो नंदीला कान लावत होता.

“शालीकरामभाऊ, गोळा कुठे?”

“माप घेतलं, अन् घातला भिजत. चुलीले लिंपाले माती पाहिजे होती.” त्यानं चुलीकडे बोट दाखवलं. चूल ओली होती, चकचकीत. “कोरूनबी झालं समज. हे पाह्य.”

जुनी मूठ परत देऊन शिसवीच्या लाकडाचे दोन तुकडे त्यानं माझ्या हातावर ठेवले. गुळगुळीत. चार बोटांच्या चार खोबणी, शेवटची जरा वाकडी. आता तो हात जगात एवढ्याच ठिकाणी उरला होता.

“बराबर हाय ना?” शालीकरामनं विचारलं.

काय सांगणार? चुकलंय म्हटलं असतं तर त्यानं रंधा मारून मामाजींच्या मापाचं केलं असतं. “बरोबर आहे,” मी म्हणालो. “पण भाऊ, खाली हे काय?”

दोन्ही तुकड्यांच्या बुडाशी नंदीचं तोंड कोरलेलं होतं. शिंगं, नाकपुड्या, सगळं.

“तोंड हाय.”

“बंदुकीच्या मुठीला तोंड कशाला?”

“मी बिनतोंडाचं काई बनवतच नाही,” शालीकराम म्हणाला, आणि विषय संपला.

मी मामाजींना मूठ दाखवली नाही. दसरा येऊ द्या, एकदम बसवू, म्हणालो. मनात म्हटलं, लाकूड आहे, सवयीनं बसेल. माणसंही बसतात.

दसऱ्याला मामाजींच्या घरी शस्त्रपूजा. पाटावर रिव्हॉल्वर, त्याच्याभोवती विळे, कोयते, अडकित्ता, ट्रॅक्टरची चावी आणि माझा कीबोर्ड. मामीनं त्याला इतकं कुंकू वाहिलं की त्यानंतर महिनाभर तालुक्यातल्या प्रत्येक उत्पन्नाच्या दाखल्यावर लाल बोट उमटत होतं. आपट्याचं सोनं घेऊन लखनलाल इवाईही आले होते, खास मूठ बघायला. मामाजींनीच बोलावलं होतं! मी स्क्रू आवळला. दोन्ही बाजूंनी नंदी डोळे वटारून बघायला लागले.

मामाजींनी परंपरेप्रमाणे शस्त्र उचललं. म्हणजे उचलायला गेले. दोन बोटं आत गेली. तिसऱ्या बोटाला जागा नव्हती. करंगळी नंदीच्या शिंगावर टेकली. सहा फुटांचे मामाजी ते रिव्हॉल्वर चिमटीत धरून उभे राहिले, मेलेला उंदीर बाहेर टाकायला निघाल्यासारखे!

“इवाई,” लखनलाल म्हणाले, “हे कोणाच्या मापाचं हाय?”

“माह्याच!”

“मंग तुमचा हात सुजला असन.”

त्यांनी स्वतः धरून पाहिलं. बसेना. आईनं धरलं. तिला सैल. मामीनं धरलं. मामीच्या हाताला अंगठ्यांसकट बसेना आणि अंगठ्या काढूनही बसेना. मामीनं ते पाटावर ठेवलं आणि शांतपणे मामाजींकडे वळली. मामी शांत झाली की आमच्या घरात मांजरसुद्धा बाहेर जातं.

“हा बाईचा हात हाय,” मामी म्हणाली.

“कोणाचा?”

“ते तुमी सांगा!”

“सुमित्रा, मले काय माहीत?”

“लग्नाले इतकी वर्षं झाली, माह्या बांगडीचं माप तुमाले माहीत नाही! बाजारातून आणली का कोपराले अडकते नाही तं जमिनीवर पडते! अन् तिच्या एकेका बोटाची खाच काढली? करंगळी वाकडी हाय तिची, तेबी ध्यानात ठेवलं?”

“कोण तिची?” मामाजी ओरडले. त्यांच्या आवाजात खरं कुतूहल होतं.

“ओमेश, तू सांग! माप कोणाचं घेतलं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नंदीसुद्धा. आता मी खरं सांगितलं असतं तर मामाजी सुटले असते. पण इवाईंसमोर, आईसमोर, पोलिसातल्या मुलीचं नाव? “मामाजींनी गोळा दाबला, तो मी नेला,” मी म्हणालो. यातला प्रत्येक शब्द खरा होता. वाक्य तेवढं खोटं होतं.

त्या रात्रीपासून मामीनं मामाजींना वाढणं बंद केलं. ताट समोर ठेवायची आणि म्हणायची, “वाकड्या करंगळीवालीले बोलवा.” बाजारात, लग्नात, गोंदियाच्या गाडीत, मामीची नजर प्रत्येक बाईच्या हातावर. भाजीवाली पैसे घ्यायला हात पुढे करायची आणि मामी तो हात धरूनच ठेवायची!

आणि आचारसंहिता लागली.

मी इस्त्रीचा शर्ट घातला. हेल्मेटही घातलं. मामाजी रिव्हॉल्वर घेऊन निघाले तर मामी पायात चपला घालून दारात उभी.

“तू कायले येऊन राहिली?” मामाजींनी विचारलं.

“गावात एकच जागा पाहाची राह्यली हाय,” मामी म्हणाली. “मीबी येते.”

ठाण्यात टेबलामागे हर्षिता मॅडम होत्या. त्याच खुर्चीत, त्याच उजेडात. मी या वेळी आधीच बाजूला उभा राहिलो होतो.

त्यांनी रिव्हॉल्वर हातात घेतलं. उघडून पाहिलं, रिकामं. बंद केलं. आणि बंद करताना त्यांची बोटं मुठीवर आली. पहिलं, दुसरं, तिसरं आणि मग वाकडी करंगळी, एकेक करून आपापल्या घरात शिरली. गाई गोठ्यात शिरतात तशी, कोणी न हाकलता.

“हातात बसते बरं,” त्या सहज म्हणाल्या. आणि थांबल्या. हे वाक्य आपण आधी कुठेतरी म्हटलंय, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं.

मामी टेबलावर वाकली. “पोरी, हात दाखव.”

“काऊन?”

“दाखव म्हणते ना!”

मामीनं हात पाहिला. मामाजींकडे पाहिलं. मामाजी इतके कोरे उभे होते की पाटी लाजावी. या माणसाला बांगडीचं माप लक्षात राहत नाही ते करंगळीचं काय राहणार, हे मामीला तिथल्या तिथे पटलं असावं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यावर अजून हेल्मेट होतं.

“असं होय!” मामी म्हणाली. आणि चक्क मामाजींना बाहेर घेऊन चालली. “चला जी. पाणी पिऊन येऊ.”

“मले तहान नाही.”

“लागन. चला!”

टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे मॅडम, मधे दोन नंदी.

“ही ती डब्यातली मूठ हाय ना?” मॅडमनी विचारलं.

“हो.”

“ती तं मामाजींच्या मापाची होती.”

“होती.”

“मंग माह्या हातात कशी बसते?”

मंडळी, हाच तो क्षण! हीच ती निवडणूक! दोन निवडणुका आणि मधले सगळे ऋतू मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तर तयार होतं. बांधीजवळचं सगळं, बगळ्यासकट. माझ्या छातीत अख्खा अर्ज टाईप झालेला होता, फक्त सबमिट करायचं होतं. मी तोंड उघडलं. आणि तोंडातून निघालं, “सर्व्हर डाऊन आहे.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ओठांचा एक कोपरा जरासा हलला. आमच्या ठाण्यात तेवढ्यालाही परवानगी लागत असेल.

“ठीक हाय,” त्या म्हणाल्या. “चालू झाला का सांगजा.”

मग त्या पुन्हा पोलीस झाल्या. मागच्या वेळी काळ्या मुठीचं शस्त्र जमा झालं होतं, या वेळी बैलांचं तोंड कसं? जशी होती तशी मूठ लावून जमा करा. जुनी मूठ माझ्या खिशात होतीच. मामाजींना हाक मारली, त्यांनी स्क्रू काढला, जुनी मूठ लावली. नंदीचे दोन तुकडे टेबलावर उरले.

“हे शस्त्र नाही,” मॅडम म्हणाल्या. “हे जमा करता येत नाही. तुमी ठेवा.”

त्यांनी ते उचलून माझ्या हातात दिले. द्यायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागला. मी शपथेवर सांगू शकतो.

निकालाला अवकाश होता. त्या मधल्या दिवसांत मी सर्व्हर चालू केला. आरशासमोर, माठासमोर, प्रिंटरसमोर. शेवटी एकही शब्द न अडखळता मला सगळं म्हणता येऊ लागलं. मामीनं आईला काय सांगितलं कोण जाणे, पण आईनं मला न विचारता माझ्यासाठी नवा शर्ट आणला.

गुलाल उधळला गेला. शस्त्रं परत मिळायला लागली. मी मुठीचे दोन्ही तुकडे टिफिनमध्ये ठेवून मामाजींसोबत ठाण्यात गेलो. आज ते मॅडमना देऊन टाकायचे आणि सांगायचं.

टेबलामागे जागेश्वर नावाचे जाड मिशांचे शिपाई बसले होते.

“हर्षिता मॅडम?” मी विचारलं.

“बदली झाली. सालेकसाले गेल्या.” जागेश्वररावांनी रिव्हॉल्वर मामाजींपुढे सरकवलं आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. “हेल्मेटवाले ऑनलाईन सेंटरवाले तुमीच का? मॅडम जायच्या आधी दोनदा इचारत होत्या, त्यायचा सर्व्हर चालू झाला का म्हणून. म्या म्हटलं, मले काय माहीत बाप्पा? झाला का?”

“झाला,” मी म्हणालो.

“मंग माह्या पोराचा जातीचा दाखला करून द्या ना!”

तेवढं करून दिलं.

मामाजींचं विचाराल तर मामीनं घरातल्या सायकलची फाटकी ट्यूब कापून जुन्या मुठीवर आवळून गुंडाळली. चहा उकळेपर्यंत झालं काम! मूठ जाड झाली, बोट वाचलं, आणि पुढच्या सरावाला मामाजींची एक गोळी चक्क टार्गेटला लागली. लखनलाल इवाईंच्या टार्गेटला, पण लागली. मामी पुन्हा ताट वाढून देते. मामाजींनी तिच्यासाठी बांगड्या आणल्या. कोपराला अडकल्या. मामी तशीच दिवसभर मिरवली.

मुठीचे दोन तुकडे माझ्या टेबलावर असतात. कागद उडू नयेत म्हणून. दुपारी गर्दी ओसरली की मी कधी त्यावर हात ठेवून बघतो. माझी बोटं बसत नाहीत. खोबणी अरुंद पडतात. नंदी माझ्याकडे बघतात आणि मी सालेकशाच्या एसटीकडे. एसटीत बसून तिकडे जाता येतं, मला माहीत आहे. पण ठाण्यात शिरताना कारण काय सांगायचं, हा प्रश्न तिथेच आहे. मामाजींचं गाव गोरेगावच्या हद्दीत, निवडणुका सगळ्या होऊन गेलेल्या. म्हणून शेवटी जे मला येतं तेच केलं. खालील अर्ज टाईप करून ठेवला आहे. कीबोर्डावरचं कुंकू अजून थोडं उरलं आहे, त्यामुळे कागदावर लाल बोट दिसल्यास ते शुभ समजावे.

प्रति,
मा. निवडणूक आयुक्त साहेब,

विषय : सालेकसा तालुक्यात तातडीने पोटनिवडणूक घेण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सालेकसा तालुक्यात कोणतीही पोटनिवडणूक, किमान एका वॉर्डाची तरी, लवकरात लवकर जाहीर करावी. उमेदवार मिळत नसल्यास अर्जदार स्वतः उभा राहून पडण्यास तयार आहे. सदर निवडणुकीसाठी गोरेगाव हद्दीतील श्री. ईश्वरदास यांचे रिव्हॉल्वर सालेकसा ठाण्यातच जमा करण्याचा विशेष आदेश व्हावा आणि सोबत येणाऱ्या इसमास उजेडात उभे राहण्याची मुभा असावी. निकाल शक्य तितका उशिरा लावावा.

अर्जदाराकडे शस्त्र नाही. फक्त मूठ आहे.

तसेच अर्जदाराचा सर्व्हर चालू झाला असल्याचे संबंधितांस आपल्या स्तरावरून कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.

सोबत : मूठ, दोन नग.